सौ. पोवार, टेबल नंबर सात

यादीत चौऱ्याऐंशी नावं होती, टाइप केलेली,
आणि खाली इंगवले साहेबांची सूचना, पेनानं:
अक्षर मोठं. चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.
पतपेढीला पन्नास वर्षं झाली. ताराबाई पार्कातला हॉल,
पांढरी टेबलं, प्रत्येक ताटापुढं नावाचं कार्ड,
'म्हणजे खुर्चीवरनं भांडणं नकोत, मॅडम.'

मी शाळेत ड्रॉइंग शिकवते.
लक्ष्मीपुरीतून जाड कागद आणला, मोतिया रंगाचा,
मधे दुमड घातली, उभा राहील अशी.
अक्षरं आधी, शिरोरेघ सगळ्यात शेवटी.
तोवर नाव नुसतं लोंबत असतं,
दोरी न बांधताच वाळत घातलेल्या कपड्यांसारखं.

पहिल्या दिवशी डॉक्टर, वकील, माजी महापौर.
'मा.' आणि 'श्री.' लिहून लिहून टाक झिजला.
एका नावाआधी टाइप केलं होतं: गं. भा.
ते मी गाळलं. कुणाला विचारलं नाही.

मग टेबल नंबर सात.
सौ. पोवार.
सौ. पोवार.
सौ. पोवार.
साहेबांना फोन केला. 'लिवा की तसंच.
आपापल्या मालकाशेजारी बसत्यात बायका,
चुकतंय कुठं?'

मी नंबर मागून घेतले.
पहिल्या म्हणाल्या शैलजा, आणि पुढं एम. ए. लिहा.
दुसऱ्यांचं नाव मुलानं सांगितलं, जरा विचार करून.
तिसरा फोन गंगावेशीत वाजला, मागं कुकर.

'कुठलं सांगू? म्हायेरचं का हितलं?'
ज्या नावानं हाक मारली की वळाल, ते.
एक शिट्टी झाली. दुसरी झाली.
'हाक कोण मारतंय, बाई. हे अगं म्हणत्यात.
पोरं मम्मी म्हणत्यात.
थांबा, गॅस बारीक करून येतो.'

येतो म्हणाल्या, आमच्याकडं बायका म्हणतात तसं.
वर्गात पोरींचं ते मी दुरुस्त करते.
घरी मीही तसंच बोलतो.

'प्रतिभा लिवा. लग्नात तांदळात लिवलं होतं ह्यांनी,
अंगठीनं. अक्षर चांगलं हाय त्यांचं.
मग सासूबाईंनी ते तांदूळ डब्यात वतलं,
दुसऱ्या दिवशी भात लावला. मी बी खाल्ला.'
हसल्या. मग जरा हळू:
'आई हौसा म्हणायची. ते नगा लिवू. लोक हसतील.'

रात्री साडेदहाला खिडकीतून गुळाचा वास येत होता,
नदीपलीकडं कुठलंतरी गुऱ्हाळ चालू असणार.
मी लिहिलं: सौ. प्रतिभा पोवार.
वेलांटी थोडी लांबली, राहू दिली.
कार्ड उभं केलं.
नावाचं तोंड समोरच्याकडं,
बसणाऱ्याकडं कोरा कागद.
हे आजवर ध्यानातच आलं नव्हतं:
चौऱ्याऐंशी माणसं आपापल्या नावाच्या
पाठीमागं बसून जेवणार.

बारीक निबाचा टाक घेतला.
आतल्या बाजूला, खाली कोपऱ्यात,
जिथं पांढऱ्या रश्श्याची वाटी येते,
हौसा.
शिरोरेघ ओढली. फुंकर घातली.

समारंभाला मी नव्हते, यादीत नव्हतेच.
साहेब म्हणाले, झकास झालं.
आमदारांबरोबर पाचजण जास्तीचे आले,
आयत्या वेळी सातचं टेबल मागं सरकवलं,
कार्डं जरा इकडची तिकडं झाली.
कुणाची?
'आता ते कुठलं आठवायला.'

सोमवारी शिपायाकडून पाकीट आलं.
वर बॉलपेननं: कार्डवाल्या मॅडम.
रफार एक अक्षर अलीकडं.